इंचभर सैनिकाची मजुरी

जुलै २०२० मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळाची नववी आवृत्ती आली आणि तिच्या नियमांत एक तरतूद नव्याने दिसली. स्पर्धेच्या पद्धतीने खेळताना सामन्यात जास्तीत जास्त १०० गुण मिळतात. त्यांतले १० गुण सैन्य व्यवस्थित रंगवलेले असेल तरच द्यायचे, असे ठरले. डावपेच, फासे, नशीब हे सगळे उरलेल्या ९० गुणांत. राखाडी प्लॅस्टिकचे कोरे सैन्य घेऊन बसणारा खेळाडू पहिली चाल करण्याआधीच दहा गुणांनी मागे पडू लागला.

खेळणाऱ्या प्रत्येकाला रंगवता येत नाही. ज्यांना येते, त्यांच्यापैकी पुष्कळांकडे वेळ नसतो. नोकरी, लहान मुले, घरचे व्याप सांभाळून साठ-सत्तर मूर्ती रंगवायच्या तर वर्ष सहज निघून जाते. मग त्या मूर्ती खोक्यात भरून दुसऱ्याकडे पाठवल्या जातात. हा दुसरा म्हणजे घराच्या मागच्या खोलीत किंवा भाड्याच्या एखाद्या गाळ्यात, दिव्याखाली मान वाकवून बसलेल्या एक-दोन-तीन माणसांचा स्टुडिओ. ब्रिटन, पोलंड, अमेरिका, स्पेन अशा देशांत असे कितीतरी छोटे स्टुडिओ आहेत. लोकांच्या मागणीप्रमाणे, त्यांच्याच मूर्ती रंगवून देणे हा त्यांचा व्यवसाय.

या स्टुडिओत विकले जातात ते माणसाच्या हाताचे तास. दरही त्या तासांवरच ठरला पाहिजे, आणि तो ठरवताना रंगवणाऱ्याने संकोच करू नये. या व्यवसायातली बहुतेक दुखणी, म्हणजे लांबलेल्या ऑर्डरी, बुडालेल्या उचली, थकून ब्रश खाली ठेवणारे गुणी हात, ही सगळी तासांचा हिशेब टाळल्यामुळे उद्भवतात.

हा छंद ज्यांना अपरिचित आहे, त्यांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेचा पहिला भाग आठवावा. चार मुले तळघरात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत असतात आणि डेमोगॉर्गन या राक्षसाची छोटी मूर्ती टेबलावर येते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तिघांनी गेम्स वर्कशॉप ही कंपनी काढली. आधी ते खेळांचे लाकडी पट बनवत. मग डन्जन्स अँड ड्रॅगन्स इंग्लंडमध्ये आणून विकू लागले. मूर्ती ओतण्यासाठी १९७८ मध्ये ब्रायन ॲन्सेल यांच्यासोबत सिटाडेल मिनिएचर्स सुरू झाली. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आला, १९८७ मध्ये त्याचा दूरच्या भविष्यकाळात घडणारा धाकटा भाऊ ‘वॉरहॅमर ४०,०००’. आज कंपनीचे मुख्यालय नॉटिंगहॅमच्या लेन्टन भागात आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडन शेअर बाजारातल्या अव्वल शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. त्याच परिसरात वॉरलॉर्ड गेम्स, मॅन्टिक गेम्स, पेरी मिनिएचर्स अशा इतरही कंपन्या आहेत. मूर्ती पूर्वी शिशाच्या मिश्रधातूत ओतत, म्हणून छंदातले लोक या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’ म्हणतात.

एवढा मोठा उद्योग, पण गिऱ्हाइकाच्या हाती पडते ती रंग नसलेली वस्तू. खोक्याच्या झाकणावर देखणा रंगीत योद्धा असतो; आत प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, डोकी, तलवारी. ही चौकट आणि झाकणावरचा तो योद्धा यांच्यामध्ये जे काम आहे, तेवढ्या जागेवर हा सगळा व्यवसाय उभा आहे.

ते काम नीट पाहण्यासारखे आहे. समजा, दहा सैनिकांची एक तुकडी आली. उभा सैनिक साधारण २८ ते ३२ मिलिमीटर, म्हणजे इंच-सव्वा इंच. आधी तुकडे चौकटीतून कापून घ्यायचे. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक रेघ प्रत्येक तुकड्यावर असते. ती सुरीच्या पाठीने खरवडून काढावी लागते, कारण न काढलेली रेघ रंगाखाली दुप्पट उठून दिसते. प्लॅस्टिकला लागणारा गोंद प्लॅस्टिक थोडे वितळवून सांधतो. रेझिन किंवा धातूची मूर्ती असेल तर सुपरग्लू. रेझिनच्या मूर्तीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असतो, तो साबणाच्या पाण्याने धुतला नाही तर रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो. छातीसमोर आडवी बंदूक धरलेला सैनिक पूर्ण जोडून टाकला, तर बंदुकीमागे ब्रश पोचत नाही. म्हणून हात वेगळे ठेवायचे, काडीला टोचून रंगवायचे आणि शेवटी जोडायचे. अजून रंगाचा थेंबही लागलेला नाही, आणि अर्धा दिवस संपलेला असतो.

मग अस्तर. हवेत दमटपणा असेल किंवा कडाक्याची थंडी असेल, तर स्प्रेचे अस्तर मूर्तीवर वाळूसारखे खरखरीत बसते आणि सगळी कारागिरी त्याखाली गाडली जाते. इंग्लंडच्या हवेत अस्तराचा दिवस पाहून निवडावा लागतो. अनेक जण आधी संपूर्ण काळे अस्तर मारतात आणि मग वरून पांढरा फवारा देतात. सूर्य डोक्यावर असताना जिथे उजेड पडेल तिथे पांढरे, जिथे सावली राहील तिथे काळे. पुढच्या प्रत्येक रंगाला हा आराखडा मिळतो.

रंग पाण्यात पातळ करून दोन-तीन हात द्यायचे. एकाच जाड हातात काम उरकले, तर चिलखतावरचे खिळे आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरून जातात. रंग ओला राहावा म्हणून स्पंजावर बेकिंगचा कागद पसरलेली ओली पॅलेट वापरतात. स्पेनमधल्या वालेहो कंपनीचे थेंब-बाटलीतले रंग जगभरच्या अशा टेबलांवर दिसतात. पिवळा रंग सगळ्यांत छळतो, कारण तो खालचे काही झाकत नाही; म्हणून त्याच्याखाली आधी तपकिरी किंवा गुलाबीसर हात देतात. लाल रंग उजळायचा तर त्यात पांढरा घालून चालत नाही, तो गुलाबी होऊन बसतो. नारिंगीकडे न्यावा लागतो. खोलगट भागांत काळपट पातळ रंग सोडला की तो आपोआप खाचांत उतरून सावली तयार करतो. त्यानंतर चिलखताच्या प्रत्येक कडेवर केसाएवढी उजळ रेघ. दहा सैनिकांच्या अशा कडा शेकड्याने असतात आणि प्रत्येक रेघ हाताने ओढलेली असते.

आणि डोळे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाला रंग देणारे हात पुष्कळ असतात, पण डोळ्यांची आखणी ठरलेल्या कसबी कारागिरांकडेच जाते. मूर्ती बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. इंचभर सैनिकालाही तोच न्याय लागू आहे. पांढरा ठिपका, त्यावर काळी उभी रेघ, मग पापण्यांच्या बाजूने कातडीचा रंग आत आणत डोळ्याला आकार द्यायचा. एक डोळा किंचित सरकला तर शूर सरदार भेदरलेला दिसतो. ज्या भागावर जितका वेळ जायला हवा तितका तो रंगवणारा देतो, आणि ग्राहकाला तो वेळ वेगळा दिसत नाही. त्याला चेहरा जिवंत वाटतो, इतकेच.

या कामाला ब्रशचे टोक सुईसारखे लागते. त्यासाठी कोलिन्स्की ब्रश नावाजलेला आहे. तो सायबेरियन वीझल या मुंगुसासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. हा प्राणी हिमालयातही राहतो, आणि भारताने वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याची नोंद केलेली आहे. त्या नोंदीमुळे कागदपत्रे काटेकोर लागतात. २०१३ मध्ये अमेरिकेने आयातीच्या वेळी ती तपासायला सुरुवात केल्यावर तिथल्या चित्रकारांना आणि मूर्ती रंगवणाऱ्यांना हे ब्रश मिळेनासे झाले होते.

आता हिशेब. वर सांगितलेल्या पद्धतीने, खेळाच्या टेबलावर उठून दिसेल इतपत चांगला सैनिक रंगवायला सरासरी तीन तास धरू. दहांचे तीस. कापणे, खरवडणे, जोडणे, अस्तर यांचे पाच. ग्राहकाशी पत्रव्यवहार, रंगसंगती ठरवणे, फोटो काढणे, फोम कापून पॅक करणे यांचे तीन. एकूण ३८ तास. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये २१ किंवा त्याहून अधिक वयाच्या कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. म्हणजे दुकानात शेल्फ लावणाऱ्याला त्या वर्षी कायद्याने जे मिळत होते, तेवढेच या कारागिराला द्यायचे ठरवले तरी तुकडीचे ४६४ पौंड होतात. यात गाळ्याचे भाडे नाही, वीज नाही, रंग-ब्रश नाहीत, आजारपण नाही, सुट्टी नाही. साठ मूर्तींचे पूर्ण सैन्य असेल तर २२८ तास, म्हणजे आठवड्याला ३८ तासांप्रमाणे बरोबर सहा आठवडे, आणि पावणेतीन हजार पौंडांहून अधिक.

तुकडीचा आकडा ऐकून ग्राहक दचकतो, कारण त्या दहा सैनिकांची न रंगवलेली पेटी त्याने चाळीस पौंडांच्या आसपास घेतलेली असते. वस्तूपेक्षा रंग दहापट महाग कसा, असे त्याला वाटते. आणि इथेच छोट्या स्टुडिओचा धीर सुटतो. ओळख व्हावी म्हणून, ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून मालक ‘एका मूर्तीचे दहा पौंड’ असा नगावर दर सांगतो. तीन तासांचे दहा पौंड! मग तो दर परवडावा म्हणून रात्री जागतो, एकाच वेळी पाच ऑर्डरी घेतो, नव्या ग्राहकाच्या उचलीतून जुन्या ग्राहकाच्या कामाचे दिवस काढतो. सहा आठवड्यांचे काम आठ महिन्यांवर जाते. ग्राहक रागावतो, आणि त्याचा राग रास्तच असतो.

नगावर मजुरी देण्याची ही रीत जुनी आहे. जर्मनीतल्या न्यूर्नबर्गमध्ये एकोणिसाव्या शतकात कथलाचे चपटे सैनिक बनत. अर्न्स्ट हाइनरिखसेन यांचा प्रसिद्ध कारखाना १८३९ मध्ये सुरू झाला आणि त्यांचे ३० मिलिमीटरचे माप पुढे प्रमाण ठरले. ते सैनिक कारखान्यात ओतले जात आणि रंगवायला घरोघरी जात. बायका आणि मुले नगावारी दराने ते रंगवत. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ सैनिक ओतण्याची पद्धत आणली. सैनिक हलका आणि स्वस्त झाला आणि इंग्लंडच्या घराघरांत पोचला. तिथेही रंगकाम करणारे हात मुख्यतः बायकांचे होते. संग्राहक आज ब्रिटन कंपनीच्या जुन्या सैनिकांना मोठी किंमत देतात. तळाशी, खोक्यावर कंपनीचे नाव असते, लिलावाच्या यादीत ओतकामाचे वर्ष असते. ज्या बाईने लाल कोट आणि काळी टोपी रंगवली, तिचे नाव कुठेही नसते.

छोटा स्वतंत्र स्टुडिओ महत्त्वाचा वाटतो तो या इतिहासामुळे. रंगवणारा इथे ग्राहकाशी थेट बोलतो, स्वतःचा दर स्वतः सांगतो, कामाखाली स्वतःचे नाव टाकू शकतो. दीडशे वर्षांत या कारागिराला प्रथमच ही जागा मिळाली आहे. तिथेही त्याने जुनाच नगावारी दर आपण होऊन स्वीकारावा, ही दुःखाची गोष्ट आहे.

मोठे स्टुडिओही आहेत. श्रीलंकेतली फर्नांडो एन्टरप्रायझेस ही संस्था बऱ्याच वर्षांपासून पाश्चात्त्य ग्राहकांची सैन्ये रंगवून देत आली आहे. पोलंडमधल्या तोरून शहरात डेन ऑफ इमॅजिनेशन आहे, अमेरिकेत युटाहमध्ये ब्लू टेबल पेंटिंग. राहणीमान स्वस्त असलेल्या देशातून काम करून घेण्यात काही गैर नाही. कोलंबोच्या आसपासच्या कारागिराला तिथल्या मानाने चांगली मजुरी मिळत असेल, तर ती मिळायलाच हवी. पण नॉटिंगहॅमच्या एकट्या माणसाने त्या दरांशी चढाओढ करू नये. त्याच्याकडे वेगळे काही आहे: एकच हात, एकच नजर, आणि ग्राहकाशी वर्षानुवर्षांचा संबंध.

वाढण्याचा मोह मात्र त्यालाही पडतो. ब्रिटनमध्ये वार्षिक उलाढाल ९० हजार पौंडांच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी सक्तीची होते. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ८५ हजार होती. दोन-तीन माणसांचा स्टुडिओ या मर्यादेच्या आत राहू शकतो. चौथा-पाचवा माणूस घेतला की उलाढाल वर जाते, बिलावर २० टक्के कर चढतो, आणि घरगुती ग्राहकाला तो कुठून परत मिळत नाही. शिवाय दोन रंगवणाऱ्यांचा निळा सहसा एकसारखा येत नाही. पाच हातांतून एकाच सैन्याच्या तुकड्या निघाल्या तर टेबलावर मांडल्यावर फरक लगेच दिसतो. तो पुसण्यासाठी मालकाला स्वतः ब्रश ठेवून देखरेख करत फिरावे लागते. लहान राहणे हे या धंद्यात शहाणपणाचे गणित आहे.

दर्जाची भाषा हा आणखी एक घोळ. ‘टेबलटॉप’ दर्जा म्हणजे हातभर अंतरावरून चांगले दिसणारे काम, आणि ‘डिस्प्ले’ दर्जा म्हणजे काचेच्या कपाटात ठेवून भिंगाने पाहण्याजोगे काम, एवढे सगळ्यांना मान्य असते. या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्यांना प्रत्येक स्टुडिओ आपापली नावे देतो. ग्राहकाने फोटो पाहिलेला असतो तो चाळीस तास खर्चून रंगवलेल्या एका सेनापतीचा, आणि ऑर्डर दिलेली असते तीन तासांच्या सैनिकांची. प्रामाणिक स्टुडिओने प्रत्येक पायरीचा नमुना फोटो लावावा आणि त्याखाली तास लिहावेत: हा दीड तासाचा, हा तीन तासांचा, हा बारा तासांचा. मग भांडायला जागाच उरत नाही. उचलीचेही तसेच. पूर्ण रक्कम आगाऊ घेणे हा या व्यवसायातला सगळ्यांत घातक शिरस्ता आहे. रांगेतली जागा राखण्यासाठी थोडी रक्कम, अस्तर झाल्यावर काही हिस्सा, फोटो पसंत पडल्यावर उरलेली, अशा टप्प्यांनी पैसे आले तर स्टुडिओ बुडाला तरी ग्राहक बुडत नाही, आणि ग्राहक पळाला तरी स्टुडिओचे तास वाया जात नाहीत.

या व्यवसायावर एक नैतिक आक्षेप हमखास घेतला जातो. स्वतःचे सैन्य स्वतः रंगवणे हा छंदाचा गाभा आहे, पैसे देऊन रंगवून घेणे ही फसवणूक आहे, असे म्हणणारे खेळाडू बरेच आहेत. यातला स्पर्धेपुरता भाग बरोबर आहे. गेम्स वर्कशॉपची ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा १९८७ पासून चालते. तिचे सर्वोच्च बक्षीस म्हणून खरीखुरी तलवार देतात, आणि तिथे मूर्ती स्वतः रंगवलेलीच लागते. उत्तम रंगवलेल्या सैन्याचे बक्षीस दुसऱ्याच्या हातच्या कामावर घेणे ही लबाडीच होय. पण ज्याला संध्याकाळी दोन तास मित्रांसोबत सुंदर पटावर खेळायचे आहे, त्याने सैन्य विकत रंगवून घेतले तर त्यात कोणाचे काय बिघडते? हाताला कंप असलेले, दृष्टी अधू झालेले, सांधेदुखीने ब्रश धरता न येणारे खेळाडू तर या स्टुडिओंमुळेच खेळात टिकून आहेत. शुद्धतेच्या नावाखाली त्यांना खाली मान घालायला लावणे निर्दयपणाचे आहे.

एकेका पात्राच्या ऑर्डरीही येतात, आणि त्यांचा जिव्हाळा वेगळाच असतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक पात्र वर्षानुवर्षे खेळले जाते. खेळणारा कळवतो की माझ्या जादूगारणीचा झगा हिरवा हवा, डाव्या गालावर भाजल्याची खूण हवी, काठीचे टोक जळके हवे, कारण ती गोष्ट खेळात घडून गेलेली असते. अशा एका मूर्तीला तुकडीतल्या सैनिकाच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो आणि रंगवणाऱ्यालाही तीच मूर्ती सगळ्यांत जास्त आनंद देते.

झटपट रंगांचे आणि यंत्रांचे आव्हान नवे नाही. जून २०१९ मध्ये सिटाडेलने ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आणले. फिक्या अस्तरावर एकच हात द्यायचा. रंग उंचवट्यावर पातळ आणि खाचेत दाट बसतो, सावली आणि उजेड एकाच फटक्यात. डेन्मार्कच्या आर्मी पेंटर कंपनीने २०२२ मध्ये ‘स्पीडपेंट’ काढले. पहिल्या आवृत्तीत खोट अशी होती की वाळलेल्या थरावर दुसरा ओला रंग लावला की खालचा पुन्हा विरघळून वर येई. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली. या रंगांनी नवख्याला बळ दिले ही फार चांगली गोष्ट झाली. रेझिनवर चालणारे थ्रीडी प्रिंटर स्वस्त झाले, घरोघरी मूर्ती छापल्या जाऊ लागल्या, आणि हिरो फोर्जसारखी कंपनी तर ग्राहकाच्या आवडीची मूर्ती रंगासकट छापून देते. छापलेला रंग दुरून बरा दिसतो, पण त्यात कारागिराची निवड नसते. रंगवणारा माणूस ठरवतो की या म्हाताऱ्या सैनिकाचे चिलखत झिजलेले असावे, गुडघ्याशी चिखल असावा, झेंडा मात्र नवा कोरा असावा. घरी छापलेल्या मूर्तींमुळे रंगवायच्या मूर्तींची संख्या तर वाढलीच आहे. रेझिन हाताळताना हातमोजे आणि खेळती हवा हवीच. कच्चे रेझिन कातडीला अपाय करते, हे ऑर्डर घेणाऱ्याने विसरू नये.

खरे धक्के येतात ते स्टुडिओच्या हाताबाहेरच्या निर्णयांनी. २०१२ मध्ये सिटाडेलने आपली रंगांची सगळी मालिका बदलली. ‘डेव्हलन मड’ नावाचा तपकिरी सावलीचा रंग बंद झाला, आणि ज्यांच्या जुन्या सैन्यात तो ठायी ठायी होता त्यांना नवी तुकडी जुळवताना घाम फुटला. म्हणून अनुभवी स्टुडिओ प्रत्येक ग्राहकाची वही ठेवतात: कोणता रंग, कोणत्या क्रमाने, किती पाण्यात. २०१५ मध्ये जुना वॉरहॅमर बंद होऊन ‘एज ऑफ सिग्मार’ आला आणि चौकोनी बैठकांवरची सैन्ये गोल बैठकांवर गेली. जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने जुने जग परतले आणि बैठका पुन्हा चौकोनी झाल्या. जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यामध्ये सीमाशुल्काची भिंत उभी राहिली. जर्मनीतल्या ग्राहकाने आपल्याच मूर्ती रंगवायला नॉटिंगहॅमला पाठवल्या, तरी येता-जाता दोन्हीकडे कागद भरावे लागतात. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली. एका माणसाच्या स्टुडिओसाठी हे सगळे आणखी काही बिनपगारी तास असतात. ते तासही दरात धरायला हवेत. ग्राहकाला तसे स्पष्ट सांगितले तर तो समजून घेतो.

मान, पाठ, मनगट आणि डोळे हे या कारागिराचे भांडवल आहे. दिवसभर वीतभर अंतरावर नजर रोखून बसल्यावर डोळे कोरडे पडतात, बोटे बधिर होतात. दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा, भिंगाचा चष्मा, मूर्ती धरायला जाड मूठ आणि दर तासाला उठणे, एवढ्या गोष्टींनी बराच फरक पडतो. पण सगळ्यांत मोठे औषध आहे कमी ऑर्डरी घेणे, आणि ते पुरेशा दराशिवाय शक्य नाही. या छंदात हाताची किंमत काय असते ते पेरी मिनिएचर्सच्या मायकेल पेरींकडे पाहून कळते. ऐतिहासिक युद्धाच्या प्रात्यक्षिकात तोफेच्या अपघाताने त्यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने मूर्ती घडवण्याचे काम पुन्हा शिकून घेतले आणि पुढेही उत्तमोत्तम मूर्ती घडवल्या.

आता उरतो नावाचा प्रश्न. खोक्यांवरचे ते देखणे योद्धे रंगवणाऱ्या गेम्स वर्कशॉपच्या संघाला ‘एव्ही मेटल’ म्हणतात. छंदात या नावाला मोठा मान आहे, पण झाकणावर त्या त्या कारागिराचे नाव सहसा नसते. छोट्या स्टुडिओला या बाबतीत कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. बैठकीच्या खालच्या बाजूला सही आणि वर्ष, पार्सलमध्ये वापरलेल्या रंगांची यादी, आणि बिलावर लागलेले तास, हे तिन्ही त्याने प्रत्येक ऑर्डरसोबत द्यावे. ग्राहकानेही एवढे करावे: दर विचारताना मूर्तींची संख्या सांगून थांबू नये, एका मूर्तीला किती तास देणार हे विचारावे आणि त्या तासांचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. दर परवडत नसेल तर साठ मूर्तींऐवजी पंधरा द्याव्यात. सेनापती आणि पहिली रांग स्टुडिओकडे, बाकीचे सैनिक एका हाताच्या सोप्या रंगांनी घरी. अशी वाटणी अनेक खेळाडू आताच करू लागले आहेत, आणि नियमातले ते दहा गुण तिलाही पूर्ण मिळतात.